कार्बन रोड बाइकची वारंवार परतणारी करकर : मूळ कसे शोधावे

समस्येचे स्वरूप बहुतेक वेळा सारखेच असते. मापे देऊन घडवून घेतलेली कार्बन रोड बाइक पहिले काहीशे किलोमीटर अगदी निःशब्द चालते. मग एखाद्या चढावर, पेडलवर जोर पडताच, पायांच्या मधोमध कुठेतरी ‘कट्’ किंवा ‘कर्र’ असा आवाज येऊ लागतो. बाइक वर्कशॉपमध्ये जाते, बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो फ्रेममधला बेअरिंगचा संच) काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवला जातो आणि आवाज थांबतो. दोन-तीन आठवडे जातात, बाइक एकदा पावसात भिजते किंवा धुळीच्या रस्त्यावरून येते, आणि तोच आवाज जसाच्या तसा परत येतो.

आवाजाचे हे परत येणे त्रासदायक असले, तरी निदानासाठी त्याच्याइतकी उपयोगी खूण दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे. सांध्यात केवळ धूळ गेल्यामुळे करकर होत असेल, तर तो सांधा नीट साफ करून योग्य टॉर्कने (बोल्ट पिळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळल्यावर बाइक पुढचे कित्येक महिने शांत राहायला हवी. आवाज काही आठवड्यांतच परतत असेल, तर सांधा चुकीचा निवडला गेला आहे, किंवा सांधा बरोबर असून त्यात लावलेला पदार्थ चुकीचा आहे, किंवा सांध्याची मापेच बिघडलेली आहेत. पहिली शक्यता फार सहज नजरेतून सुटते, कारण बॉटम ब्रॅकेट काढायचा म्हटले की क्रँक (पेडलचा दांडा) सुटतो, चेन उतरते, बऱ्याचदा पेडलही काढले जाते, आणि हे सगळे परत आवळताना खरा दोषी भाग आपोआपच तात्पुरता घट्ट होतो. आवाज थांबल्याचे श्रेय मात्र नव्या बेअरिंगला मिळते.

आवाजाचा शोध घेण्याआधी फ्रेम सुरक्षित आहे ना, याची खात्री करावी. बाइक धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि टॉर्चचा प्रकाश पृष्ठभागावर तिरपा पाडून हेड ट्यूबचा (फोर्क ज्यात बसतो त्या पुढच्या नळीचा) परिसर, बॉटम ब्रॅकेटपाशी नळ्या मिळतात ती जागा, सीट ट्यूबचे वरचे टोक, चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या), फोर्कचा माथा आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा अक्ष बसतो त्या जागा) निरखून पाहावेत. पुसूनही जात नाही आणि नखाला अडकते अशी रेघ संशयास्पद मानावी. नाण्याच्या कडेने हलकेच ठोकत गेल्यास चांगला भाग टणक, स्पष्ट नाद देतो आणि थर सुटलेला भाग बोदा वाजतो. मात्र कार्बनची जाडी जागोजाग बदलत असल्याने एकाच नळीवर वरून खाली तुलना करण्यापेक्षा डाव्या बाजूची तुलना उजव्या बाजूच्या त्याच जागेशी करणे अधिक विश्वसनीय ठरते. आवाज पडल्यानंतर किंवा धडकेनंतर सुरू झाला असेल, तर फोर्क उतरवून त्याची नळी, विशेषतः स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) आतला आणि खालच्या बेअरिंगपाशी येणारा भाग, तपासल्याशिवाय त्या बाइकवर बसू नये. संशय उरलाच, तर कार्बनची अल्ट्रासाउंड तपासणी करणाऱ्या जाणकाराकडे फ्रेम द्यावी.

दुसरा इशाराही इथेच द्यायला हवा. करकर ऐकू आली की दिसेल तो बोल्ट आणखी आवळण्याचा मोह होतो. कार्बनच्या भागावर छापलेला ‘कमाल ५ न्यूटन मीटर’ हा आकडा ओलांडू नये अशी मर्यादा असते, आणि तिच्या आत राहून सांधा धरून राहील तेवढाच टॉर्क द्यायचा असतो. जास्त आवळल्याने आवाज थांबला, तरी आतले तंतू चेपले गेलेले असू शकतात आणि वरून त्यातले काहीच दिसत नाही.

आता आवाजाकडे वळू. कार्बन फ्रेमच्या नळ्या रुंद, पोकळ आणि ताठ असतात, त्यामुळे एका टोकाला झालेली सूक्ष्म हालचाल सगळ्या फ्रेमभर घुमते. तंबोऱ्याची तार वरच्या टोकाला छेडली तरी नाद भोपळ्यातून येतो, तसेच इथे होते. सीटपोस्टची करकर बॉटम ब्रॅकेटमधून आल्यासारखी वाटते आणि हेडसेटची (फोर्क ज्यावर वळतो त्या बेअरिंगची) टकटक डाऊन ट्यूबच्या (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या टोकाला ऐकू येते. म्हणून ‘आवाज कुठून येतो’ हा प्रश्न कानाला विचारण्यापेक्षा ‘आवाज कधी येतो’ हे नीट टिपून घ्यावे.

ताल मोजला की बरेच उलगडते. मिनिटाला ९० फेऱ्यांनी पेडल मारत असताना क्रँक सेकंदाला दीड वेळा फिरतो. पुढे ५० दात आणि मागे १९ दात असतील, तर त्याच वेळी वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो आणि साधारण २.१ मीटर परिघाचे चाक सेकंदाला सुमारे चार वेळा फिरते. सेकंदाला चारदा येणारा आवाज चाकाशी जोडलेला आहे आणि दीड वेळा येणारा क्रँकशी, हे कानाला सहज कळते. क्रँकच्या दर फेरीत दोनदा येत असेल, तर तो दोन्ही पायांच्या जोराशी संबंधित आहे. दर दोन-सव्वादोन फेऱ्यांनी एकदाच येत असेल, तर चेनची एखादी कडी अडकत असावी, कारण ११० कड्यांची चेन ५० दातांवरून पूर्ण फिरायला क्रँकच्या २.२ फेऱ्या लागतात. या परीक्षेला एक मोठी मर्यादा आहे आणि ती विसरली की सगळा तपास भरकटतो: मागच्या ॲक्सलची किंवा डिरेल्युर हँगरची (मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला टांगलेला असतो त्या तुकड्याची) करकर चाकाच्या तालात न येता पेडलवरच्या जोराच्या तालात येते, कारण चेनच्या ओढीने ड्रॉपआउट दर दाबाला किंचित वाकत असतो.

यानंतर एकाच शांत चढावर, एकाच गिअरमध्ये काही गोष्टी करून पाहाव्यात. बसून पेडल मारताना आवाज येतो आणि उभे राहिल्यावर थांबतो, तर सॅडल आणि सीटपोस्टकडे पाहावे. उलट उभे राहून हँडल ओढतानाच येतो, तर स्टेम, हँडल आणि हेडसेट आधी तपासावेत. एका पायाने पेडल मारून दोन्ही बाजूंची तुलना करावी. पेडल न मारता, उतारावर पेडलवर उभे राहून शरीराचे वजन खाली-वर करावे. तेव्हाही करकर आली, तर चेन, कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रे) आणि चेनरिंग (क्रँकवरचे दातेरी चक्र) बऱ्याच अंशी निर्दोष ठरतात. शेवटी बाइक उभी ठेवून, दोन्ही ब्रेक दाबून, आडव्या क्रँकवर पायाने जोर द्यावा आणि सोबत्याला प्रत्येक सांध्यावर बोटांची टोके ठेवायला सांगावीत. करकर ज्या सांध्यात होते तिथे बोटाला बारीक ठेच लागल्यासारखे जाणवते. माझ्या अनुभवात ही साधी चाचणी कानापेक्षा कितीतरी अधिक खरी ठरते.

संशयाच्या जागा ठरल्या की एका वेळी एकच भाग उघडावा, एकच बदल करावा आणि त्याच चढावर जाऊन यावे. एका बैठकीत सगळी बाइक उघडून साफ केली, तर आवाज जाईल, पण तो कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही, आणि परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

सीटपोस्टपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो. हा भाग उघडायला सोपा आहे आणि बॉटम ब्रॅकेटवर येणारे बरेचसे आळ खरे तर याचेच असतात. उंचीची खूण चिकटपट्टीने करून पोस्ट बाहेर काढावा आणि पुसण्याआधी त्याच्याकडे नीट पाहावे. कॉलरच्या (पोस्ट धरणाऱ्या कडीच्या) ओळीत राखाडी भुकटीची बारीक कड दिसत असेल आणि तिच्या खाली पोस्टवर चकचकीत घासलेले पट्टे असतील, तर पोस्ट फ्रेममध्ये हलत आहे. पोस्ट आणि सीट ट्यूबची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. मग जेवढा भाग कॉलरच्या पकडीत येतो तेवढ्यालाच कार्बन पेस्टचा पातळ थर द्यावा. या पेस्टमध्ये बारीक कण असतात, ते घर्षण वाढवतात आणि त्यामुळे कमी टॉर्कमध्येही पोस्ट घट्ट बसतो. तिथे साधे ग्रीस लावले, तर पहिल्या दिवशी आवाज थांबतो, पण पकड सैल होते, पोस्ट घसरू लागतो, तो घसरू नये म्हणून कॉलर जास्त आवळली जाते आणि काही दिवसांनी करकर दुप्पट होऊन परतते. चुकीचा पदार्थ लावल्यामुळे परतणारा आवाज म्हणतात तो हाच.

घडवून घेतलेल्या फ्रेममध्ये पोस्ट गोल नसून इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा असेल, तर तो आतून पाचरीने धरलेला असतो. अशा पाचरीच्या एकमेकांवर सरकणाऱ्या तिरप्या बाजूंना ग्रीस लागते आणि पोस्टला टेकणाऱ्या बाजूला पेस्ट. हे उलटे झाले, तर पाचर तिरकी अडकते, रेंच ठरलेला टॉर्क दाखवतो आणि पोस्ट मात्र पुरेसा दाबलेला नसतो. पोस्ट ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम कार्बनची असेल, तर घाम आणि पाणी यांमुळे ॲल्युमिनियम गंजू लागते, पांढरी भुकटी धरते आणि पोस्ट कायमचा अडकण्याचा धोका असतो. असा पोस्ट दर काही महिन्यांनी काढून पुसलाच पाहिजे.

सॅडलच्या दांड्याही इथेच पाहाव्यात. धातूच्या दांड्या सहसा ७ मिलिमीटर गोल असतात, तर कार्बनच्या दांड्या बहुधा ७ बाय ९ मिलिमीटर, म्हणजे उंचीला जास्त, असतात. गोल दांडीच्या क्लॅम्पमध्ये कार्बनची दांडी बसवली की ती दोन कडांवरच धरली जाते, करकरते, आणि पुढे तिथेच तडकते. क्लॅम्पच्या बोल्टचे आटे आणि त्यांच्याखालचे गोल नट यांना ग्रीस द्यावे आणि दोन्ही बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत. एका सहकाऱ्याच्या बाइकमध्ये नवा बॉटम ब्रॅकेट बसवूनही चढावरची कटकट कायम होती. शेवटी सॅडल उलटी केली, तेव्हा दांडी जिथे प्लॅस्टिकच्या खाचेत शिरते, त्या तोंडाशी धुळीची काळी कड सापडली. दुसरी सॅडल लावताच बाइक शांत झाली.

पेडल, क्लीट (बुटाखालचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) आणि चेनरिंग यांना फार वेळ लागत नाही. पेडलचे आटे पुसून, ग्रीस लावून ३५ ते ४० न्यूटन मीटरने आवळावेत. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे ध्यानात ठेवावे. क्लीटचे स्क्रू ढिले नाहीत ना, हे पाहावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या बुटांनी एक फेरी मारून यावी. चेनरिंगचे बोल्ट एकेक काढून, पुसून, परत लावावेत.

पुढच्या भागात हेडसेटची परीक्षा पुढचा ब्रेक दाबून बाइक मागे-पुढे हलवून करतात, पण डिस्क ब्रेकचे पॅड त्यांच्या जागेत किंचित हलत असल्याने तोच खेळ हेडसेटचा वाटू शकतो. म्हणून फोर्कचा माथा आणि हेड ट्यूब यांच्या फटीवर बोट ठेवून हालचाल तपासावी. कार्बन फोर्कच्या नळीत वरचे बेअरिंग दाबण्यासाठी प्रसरण पावणारा प्लग असतो. तो सरकला, तर वरचे झाकण कितीही आवळले तरी बेअरिंगवर दाब येत नाही. प्लग स्टेमच्या पकडीच्या पातळीत आतून आधार देईल असा बसवावा आणि फोर्कच्या नळीचे टोक स्टेमच्या, किंवा वर स्पेसर असल्यास स्पेसरच्या, वरच्या कडेपासून दोन ते तीन मिलिमीटर खाली असावे. आधी झाकणाने दाब ठरवावा आणि स्टेमचे बाजूचे बोल्ट त्यानंतरच आवळावेत. हँडलच्या पकडीची वरची आणि खालची फट, उत्पादकाने वेगळे सांगितलेले नसेल तर, सारखी असावी.

मागच्या चाकासाठी सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे दुसरे चाक लावून पाहणे. ते नसेल, तर थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा अक्ष) काढून पुसावा, ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि त्यावर छापलेल्या टॉर्कने आवळावा. डिरेल्युर हँगर काढून त्याच्या मागची जागा साफ करावी. या छोट्या तुकड्यामागे साचलेली माती आश्चर्य वाटावे इतका मोठा आवाज करते. कॅसेटच्या लॉकरिंगला ४० न्यूटन मीटर लागतात. स्पोक एकमेकांना जिथे ओलांडतात, तिथे पातळ तेलाचा एकेक थेंब पुरतो, मात्र ते ब्रेकच्या रोटरवर उडणार नाही याची काळजी घ्यावी.

एवढे सगळे करूनही आवाज राहिला, तर बॉटम ब्रॅकेटवर संशय घेणे रास्त आहे. इथे फ्रेममध्ये कोणती पद्धत आहे यावर बरेच अवलंबून असते. आट्यांचा बॉटम ब्रॅकेट, मग तो १.३७ इंच व्यासाचा जुना इंग्रजी असो वा मोठ्या व्यासाचा टी-४७, कार्बन फ्रेममध्ये चिकटवलेल्या धातूच्या नळीत बसतो. तो काढून, आटे साफ करून, ग्रीस लावून पूर्ण टॉर्कने आवळला की बहुधा प्रश्न मिटतो. दाबून बसवायच्या पद्धतींत मात्र सगळी मदार छिद्राच्या अचूकतेवर असते. बीबी-३० चे छिद्र ४२ मिलिमीटर, पीएफ-३० चे ४६ मिलिमीटर आणि बीबी-८६ चे ४१ मिलिमीटर व्यासाचे असते. छिद्र किंचित मोठे, लंबगोल, किंवा दोन्ही बाजूंची छिद्रे एका रेषेत नसलेली असतील, तर पेडलच्या प्रत्येक दाबाला बेअरिंगचा कप केसाएवढा सरकतो. ग्रीस ही हालचाल काही काळ मुकी करते, थांबवत नाही. पाऊस पडून ग्रीस धुतले गेले की आवाज परत येतो.

कप बाहेर काढल्यावर तो लगेच पुसू नये. त्याच्या बाहेरच्या अंगावर काळसर लगदा सगळीकडे सारखा असेल, तर बहुधा नुसते पाणी आणि धूळ आत गेली आहे. तो लगदा एकाच कमानीत जमलेला असेल आणि उरलेला भाग स्वच्छ किंवा चकचकीत घासलेला असेल, तर कप छिद्राला सगळीकडे टेकतच नव्हता. अशा वेळी छिद्राची मापे घ्यावी लागतात आणि त्यासाठी साधा व्हर्नियर पुरेसा अचूक नसतो. बोअर गेज किंवा आतले माप घेणारा मायक्रोमीटर असलेल्या कारागिराकडून प्रत्येक बाजूचे छिद्र निरनिराळ्या खोलींवर आणि निरनिराळ्या दिशांनी मोजून घ्यावे. दिशा बदलल्यावर मापात पाच शतांश मिलिमीटरचा फरक दिसला, तरी मी ते छिद्र संशयित धरतो. एकच बेअरिंग वारंवार खराब होत असेल, तर तीही छिद्रे एका रेषेत नसल्याची खूण असू शकते.

फरक अगदी थोडा असेल, तर दोन्ही कप मधल्या आट्यांनी एकमेकांत आवळले जाणारे बॉटम ब्रॅकेट मिळतात, ते वापरून पाहावेत. दोन्ही बेअरिंग एकाच कण्याने धरलेली असल्याने ती एका रेषेत राहतात आणि कप बाहेर सरकू शकत नाही. माझा कौल याच उपायाला आहे. कप पक्का धरणारे रिटेनिंग कंपाउंड हा दुसरा मार्ग आहे, पण ते कोणत्या पृष्ठभागावर चालेल हे फ्रेम घडवणाऱ्याला विचारूनच लावावे, आणि ते पूर्ण सुकेपर्यंत बाइक चालवू नये. छिद्र स्वतः सँडपेपरने घासणे किंवा कपाभोवती टेप गुंडाळणे हे दोन्ही टाळावे. पहिल्याने छिद्र आणखी लंबगोल होते आणि दुसऱ्याने बेअरिंग तिरके बसते.

मापाने घडवलेल्या फ्रेमबाबत आणखी एक शक्यता तपासावी लागते. धातूची जी नळी बॉटम ब्रॅकेटसाठी कार्बनमध्ये चिकटवलेली असते, तिचाच चिकटा सुटला, तर बेअरिंग कितीही बदलली तरी करकर जात नाही. हे ओळखण्यासाठी पातळ मार्करने दोन रेघा ओढाव्यात: एक कप आणि धातूची नळी यांच्या सांध्यावरून, दुसरी नळी आणि कार्बन यांच्या सांध्यावरून. काही जोरकस चढ चढून आल्यावर भिंगाने पाहावे. पहिली रेघ तुटली असेल, तर दोष बसवणुकीत आहे. दुसरी तुटली किंवा तिथल्या रंगाला केसासारखी चीर गेली, तर बाइक चालवणे थांबवून फ्रेम घडवणाऱ्याकडे पाठवावी. दोन्ही रेघा जागच्या जागी असल्या, तरी सांधा निर्दोष आहे असा निर्वाळा त्यांतून मिळत नाही, कारण चिकट्यातली सूक्ष्म हालचाल रेघेवर दिसेलच असे नाही.

घडवणाऱ्याला पत्र लिहिताना ‘आवाज येतो’ एवढेच कळवू नये. आवाज कोणत्या स्थितीत येतो, कोणते भाग कोणत्या क्रमाने उघडले, प्रत्येकाला किती टॉर्क दिला, कुठे ग्रीस आणि कुठे पेस्ट लावली, छिद्रांची मापे काय आली, हे सगळे लिहावे आणि कप व रेघांची जवळून काढलेली छायाचित्रे जोडावीत. तयार फ्रेमच्या तुलनेत इथे ग्राहकाची बाजू भक्कम असते, कारण ज्याने ती चौकट बांधली त्यालाच थेट विचारता येते की नळी कोणत्या धातूची आहे, चिकटवल्यानंतर छिद्र कापून मापात आणले होते का, आणि आता ते दुरुस्त करण्याचा कोणता मार्ग खुला आहे. धातूची नळी पुन्हा चिकटवणे किंवा छिद्र खरडून योग्य मापाची नवी नळी बसवणे शक्य असते. पीएफ-३० च्या ४६ मिलिमीटर छिद्रात आतली नळी पुरेशा जाडीच्या धातूची असेल, तर तिला टी-४७ चे आटेही पाडता येतात. छिद्र थेट कार्बनचे असेल, तर हा शेवटचा पर्याय उपलब्ध नसतो. यांपैकी काय करणार आणि त्यानंतर छिद्रांची मापे किती असतील, हे काम सुरू होण्याआधी घडवणाऱ्याकडून लेखी मागून घ्यावे.